कुंज आणि घरटे

‘बीगल’ ह्या जहाजाचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते डार्विनमुळे. १८३१ ते १८३६ ह्या काळात ते डार्विनला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि त्या प्रवासातून पुढे माणसाची स्वतःविषयीची कल्पनाच पालटली. पण डार्विन उतरून गेल्यावर हे जहाज बंदरात पडून राहिले नाही. १८३७ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी ते पुन्हा निघाले. ह्या सफरीत जॉन लॉर्ट स्टोक्स नावाचा अधिकारी होता. किनाऱ्यावर उतरून हिंडत असता एके ठिकाणी त्याला जमिनीत रोवलेल्या काड्यांच्या दोन रांगा दिसल्या. दोन्ही रांगांचे शेंडे वर एकमेकांकडे झुकून त्यांची लहानशी कमान झाली होती. लांबी जेमतेम अडीच फूट, आणि जमिनीवर शिंपल्यांचा सडा. स्टोक्सने तर्क केला, की तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एखाद्या आईने मुलाला रमवण्यासाठी हे खेळणे मांडले असावे. पुढे पोर्ट एसिंग्टन येथे ‘पाखराचे खेळघर’ पाहायला चला म्हणून त्याला कोणी नेले, तेव्हा कुठे त्याला कळले की हे काम माणसाचे नव्हे, पक्ष्याचे आहे.

त्याच सुमारास कॅप्टन जॉर्ज ग्रे हा वायव्य ऑस्ट्रेलियात भटकत होता. त्यालाही अशाच कमानी आढळल्या, आणि त्यांच्या दोन्ही तोंडांशी फुटक्या शिंपल्यांचे ढीग. समुद्रापासून दूर, आतल्या मुलखात, शिंपले आणले कोणी? पक्ष्याने की एखाद्या चतुष्पादाने? ग्रेच्या मंडळींना निश्चय करता येईना.

ज्याच्या काड्यांनी ह्या शहाण्या माणसांना असे कोड्यात टाकले, त्याला इंग्रजीत ‘बोअरबर्ड’ म्हणतात. हा आपल्याकडचा पक्षी नव्हे, त्यामुळे मराठीत त्याला नाव नाही. आपण त्याला कुंजपक्षी म्हणू. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी एवढाच त्याचा मुलूख. एकंदर वीस-पंचवीस जाती. त्यांपैकी बहुतेक जातींचा नर मादीला भुलवण्यासाठी जमिनीवर काटक्यांचा कुंज उभारतो, त्याच्यापुढे रंगीत वस्तूंची आरास मांडतो आणि मादी आली की तिच्यासमोर नाचतो, गातो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. हा पक्षी मी पाहिला आहे तो पुस्तकांत आणि चित्रपटांत. परंतु त्याच्याविषयी माणसांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे तर्क बांधले, त्यांचा इतिहास मला पक्ष्याइतकाच मनोरंजक वाटतो. सगळ्यांनी पाहिले ते एकच; दिसले मात्र ज्याला त्याला वेगळे. आणि त्या सगळ्या पाहण्यात एक पात्र फार काळ कोणाच्या नजरेत भरलेच नाही. ते पात्र म्हणजे मादी.

ह्या इतिहासाचा पहिला मोठा माणूस म्हणजे जॉन गोल्ड. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळात मेलेले पक्षी भरून ठेवण्याच्या कामावर तो लागला आणि स्वतःच्या उद्योगाने त्या काळचा अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ झाला. डार्विनने गॅलापगॉस बेटांवरून आणलेल्या पक्ष्यांची खरी ओळख १८३७ साली पटवून दिली ती ह्यानेच. १८३८ साली गोल्ड पत्नीसह ऑस्ट्रेलियात आला आणि १८४० पर्यंत तिथे राहिला. त्याची पत्नी एलिझाबेथ ही उत्तम चित्रकार होती. त्याच्या ग्रंथांतील कितीतरी पक्षी तिच्या हातचे आहेत. तिचा भाऊ चार्ल्स कॉक्सेन हा तिकडेच स्थायिक झाला होता. त्याने सिडनीच्या संग्रहालयाला एक कुंज भेट दिला होता. तो पाहून गोल्डची उत्सुकता चाळवली आणि हा चमत्कार जिथे घडतो ती जागा पाहायचीच, असे त्याने ठरवले. न्यू साउथ वेल्समधील लिव्हरपूल डोंगररांगेच्या रानात त्याला असे कुंज सापडले. हे काम ‘सॅटिन’ जातीच्या कुंजपक्ष्याचे होते. ह्याचा नर निळसर काळा, रेशमासारखा तुकतुकीत, आणि डोळे जांभळ्या-निळ्या रंगाचे. मादी हिरवट, पोटावर खवल्यांसारखी नक्षी, एरवी अगदी साधी.

गोल्डने लिहिलेल्या हकिगतीतील एक तपशील मला विशेष मोलाचा वाटतो. तिथल्या मूळ रहिवाशांना ह्या पक्ष्याची सवय इतकी ठाऊक होती की रानात चिलमीचे भांडे किंवा अशी एखादी बारीकसारीक वस्तू हरवली, तर ते सरळ ह्या पक्ष्याच्या कुंजाशी जाऊन शोधीत. स्वतः गोल्डलाही एका कुंजाच्या तोंडाशी दीड इंच लांबीची, घासूनपुसून घडवलेली दगडी कुऱ्हाड मिळाली आणि तिच्या शेजारी निळ्या सुती कापडाच्या चिंध्या. सोडून दिलेल्या एखाद्या वस्तीतून पक्ष्याने त्या उचलून आणल्या असणार. म्हणजे स्टोक्स आणि ग्रे ज्या कोड्याशी झटत होते, त्याचे उत्तर त्या भूमीतील पोरासोरांनाही माहीत होते. विचारणारा तेवढा हवा होता. शोधांच्या इतिहासात ‘अमक्याने शोध लावला’ असे वाक्य आले, की त्याचा अर्थ पुष्कळदा ‘अमक्याने तो लिहून काढला’ एवढाच असतो.

गोल्डने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कुंज म्हणजे घरटे नव्हे. त्यात अंडी नसतात, पिले नसतात. तिथे पक्षी जमतात, खेळतात, एकमेकांच्या मागे धावतात. मग घरटे कुठे? गोल्डने पुष्कळ धडपड केली, रहिवाशांना विचारले, वसाहतवाल्यांना विचारले. पण त्याला ना घरटे सापडले ना अंडे. कुंज त्याने जपून इंग्लंडला नेला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये तो लोकांना पाहायला ठेवला गेला. घरटे मात्र रानातच राहिले. मला ही गोष्ट नुसती योगायोगाची वाटत नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचे सार तीत आहे. जे दाखवण्यासाठी केलेले होते ते दिसले. जे लपवण्यासाठी केलेले होते ते राहून गेले.

१८७१ साली डार्विनने ‘मानवाचा अवतार’ ह्या अर्थाचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात कुंजपक्ष्याला साक्षीला बोलावले. जगण्याच्या झगड्यात जो टिकतो तो उरतो, हे तत्त्व त्याने आधीच मांडले होते. पण मोराच्या पिसाऱ्याचे काय? तो पिसारा वाघापासून वाचवीत नाही, उलट पळताना अडचण करतो. डार्विनचे उत्तर असे, की निसर्गात दुसरीही एक निवड चालते. मादी नरांकडे पाहते, त्यांतला एक पसंत करते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्या पसंतीतून पिसारा घडत जातो. ज्या पक्ष्याचा नर रंगीत वस्तू गोळा करून मांडतो, त्याच्या मादीला सौंदर्याची जाण नाही असे कसे म्हणावे?

हे उत्तर त्या काळच्या विद्वानांच्या घशाखाली उतरेना. सेंट जॉर्ज मिव्हार्ट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला, की स्त्रीजातीची लहर इतकी चंचल, की तिच्या निवडीतून कोणताही रंग कायमचा ठरणे शक्य नाही! आक्षेप पक्ष्यांच्या माद्यांवर होता, पण रोख कुणीकडे होता ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. निसर्गनिवडीच्या शोधातील डार्विनचा भागीदार आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मोठ्या मनाचा माणूस. पण त्यालाही ही कल्पना रुचली नाही. नराचा झगमगाट म्हणजे त्याच्या अंगातील जोमाचे उतू जाणे, असे त्याचे म्हणणे. १८८९ सालच्या ग्रंथाचे नाव त्याने मित्राच्या गौरवार्थ ‘डार्विनिझम’ असे ठेवले, आणि त्याच ग्रंथात मित्राचे हे एक मत मोडीत काढले. तथापि वॉलेसची एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरट्याकडे लक्ष दिले ते त्याने. उघड्या घरट्यावर बसणारी मादी मळकट रंगाची असते, कारण ती शत्रूच्या नजरेस पडता कामा नये, हे त्याने १८६८ सालीच मांडले होते. साधेपणा म्हणजे उणेपणा नव्हे, त्यामागे जीव मुठीत धरून बसण्याचे कारण आहे, एवढे तरी त्याने ओळखले.

ह्या वादाच्या काळातच न्यू गिनीतून एक नवी बातमी आली. ओदोआर्दो बेक्कारी हा इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ १८७५ साली आर्फाक पर्वतात हिंडत असता त्याला एक लहानशी पर्णकुटी दिसली. एका रोपट्याच्या खोडाचा मध्यस्तंभ करून त्याच्या भोवती ऑर्किडच्या बारीक दांड्यांचे उतरते छप्पर केलेले. व्यास सुमारे एक मीटर. पुढे शेवाळाची हिरवळ, आणि त्या हिरवळीवर फुले, फळे, रंगीत बुरशी, किडे असे निरनिराळे ढीग मांडलेले. फुले कोमेजली की ती झोपडीच्या मागे टाकायची आणि ताजी आणायची, असा रोजचा परिपाठ. बेक्कारीचे शिकारी ह्या पक्ष्याला मलाय भाषेत ‘माळी’ म्हणत. हे सगळे करणारा पक्षी दिसायला कसा? तपकिरी. तुरा नाही, रंग नाही. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘अनलंकृत’ असा शब्द आहे.

ह्याच माळ्याचा एक भाऊबंद ‘सोनेरी कपाळाचा’. वॉल्टर रॉथशिल्ड ह्या धनाढ्य संग्राहकाने १८९५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, पण ते कातड्यांवरून. त्या काळी युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी पिसांचा मोठा व्यापार चाले. त्या व्यापाऱ्यांच्या मालातून ही कातडी आली होती. कुठल्या डोंगरातून, हे कोणालाच सांगता येईना. कित्येक जण शोधून थकले. शेवटी १९७९ साली जॅरेड डायमंड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला फोजा पर्वतात हा पक्षी जिवंत भेटला. चौऱ्याऐंशी वर्षे जगाला त्याची पिसे ठाऊक होती आणि घर ठाऊक नव्हते!

माळ्याच्या कुळाकडे नीट पाहिले ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील टॉमस गिलियार्डने. १९५६ साली त्याने एक साधी पण मार्मिक गोष्ट दाखवली. ह्या कुळातील एका जातीच्या नराला मोठा नारिंगी तुरा आहे; त्याचा कुंज अगदी साधा. दुसऱ्याचा तुरा आखूड. त्याचा कुंज अधिक घोटीव. तिसरा, म्हणजे बेक्कारीचा माळी, त्याला तुराच नाही. आणि त्याची झोपडी सर्वांत थाटाची. जणू अंगावरचे दागिने काढून त्याने अंगणात मांडले! गिलियार्डचे म्हणणे असे, की मादीचे लक्ष नराच्या पिसांवरून त्याच्या मांडणीवर सरकले, आणि मग नराला भडक पिसे वागवण्याचे कारण उरले नाही. शोभा देहावरून वस्तूवर गेली. ह्या विचारात मादी पुन्हा रंगमंचावर आली, परंतु अजून पाठमोरीच.

कारण त्याच दशकात दुसरा विचार फार जोरात होता. जॉक मार्शल ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५४ साली कुंजपक्ष्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरुणपणी बंदुकीच्या अपघातात ह्याचा एक हात गेला होता. तरी रानावनात हिंडण्यात तो कोणाला हार गेला नाही. मार्शलने पक्ष्याच्या शरीरात पाहिले. ऋतू बदलतो, अंतःस्राव वाढतात, आणि नर बांधायला लागतो. सौंदर्यदृष्टी वगैरे माणसाचे शब्द पक्ष्यावर लादण्याची घाई करू नये, हा त्याचा इशारा योग्यच होता. परंतु नराला बांधायला काय लावते हे सांगितले, म्हणजे त्याने असेच का बांधले हे सांगितले असे होत नाही. चुलीत जाळ का पेटतो हे कळले, तरी स्वयंपाक कोणासाठी चालला आहे हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी कोणीतरी चिकाटीने मादीच्या मागे जायला हवे होते. १९८० नंतर जेराल्ड बोर्जिया ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने न्यू साउथ वेल्समधील वॉलबी क्रीक येथे हे काम हाती घेतले. पक्ष्यांच्या पायांत खुणेच्या रंगीत कड्या घातल्या, कुंजांसमोर आपोआप चालणारे कॅमेरे लावले, आणि मोसमामागून मोसम कोण आले, किती वेळ थांबले, कोणाला होकार मिळाला, ह्याची नोंद ठेवली. काही कुंजांपुढची आरास काढून घेतली. त्या नरांचे नशीब फिरले. नीट बांधलेल्या आणि भरगच्च सजवलेल्या कुंजाच्या मालकाला एकाच मोसमात वीसहून अधिक माद्यांचा होकार मिळे, आणि पुष्कळ नर सबंध मोसम कोरडेच राहत. मग शेजाऱ्याची निळी पिसे चोरणे, त्याचा कुंज मोडून टाकणे हे धंदे का चालतात, त्याचाही उलगडा झाला. डार्विनचे म्हणणे खरे ठरले. निवड होत होती, आणि ती मादी करीत होती.

ही निवड कशी होते ते पाहिले, म्हणजे मिव्हार्टच्या ‘लहरी’ची आठवण होऊन हसू येते. सॅटिन मादी आधी निरनिराळ्या कुंजांना भेटी देते, पुष्कळदा मालक नसतानाच. बांधणी कशी आहे, निळ्या वस्तू किती आहेत, भिंतींना रंग दिला आहे की नाही, हे पाहून जाते. (हा नर चघळलेला पाला, कोळसा आणि लाळ ह्यांचे मिश्रण भिंतींना फासतो.) मग ती निघून जाते आणि काही दिवस आपले घरटे बांधते. ते झाले म्हणजे परत येते, मोजक्या कुंजांत जाऊन नरांचे नाच पाहते, आणि मग एकाला पसंत करते. म्हणजे लग्नाआधी घर, आणि घराआधी पाहणी! २००४ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की नवख्या माद्या नराच्या आवेशाने बिचकतात आणि आरास पाहून ठरवतात. मुरलेल्या माद्या न बिचकता नाचाचा जोर पारखतात. ह्याला लहर म्हणायचे की अनुभव?

आणखी एक गोष्ट बोर्जियाने सुचवली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सॅटिनचा नाच मोठा उग्र असतो: पंख फुलवून झेपावणे, घरघराट करणे. दोन नर लढताना जे हावभाव करतात, त्यांच्याशी ह्या नाचाचे साम्य आहे. मादी कुंजाच्या दोन भिंतींमध्ये उभी असते; नर पुढच्या तोंडाशी नाचतो. तिला पसंत पडले नाही, तर मागचे तोंड मोकळे आहे. ज्याला इतकी वर्षे आपण नराचा महाल म्हणत आलो, तो मादीच्या दृष्टीने निर्धास्तपणे उभे राहून ‘नाही’ म्हणण्याची जागा आहे. २००२ साली गेल पॅट्रिसेली ह्या संशोधिकेने यंत्राची मादी बनवून कुंजात ठेवली. ती दचकल्यासारखी हलली, की काही नर आवेश आवरता घेत, काही न घेत. जे नर मादीच्या दचकण्याची दखल घेत, त्यांना खऱ्या माद्यांकडून अधिक होकार मिळत. बांधणे, सजवणे, नाचणे हे सारे आलेच. पण समोरच्याचे भय ओळखून चार पावले मागे सरणे हाही प्रियाराधनाचा भाग आहे, आणि तो मादीनेच घडवलेला आहे.

आता गोल्डला न सापडलेल्या घरट्याकडे येऊ. कुंजापासून दूर, उंच झाडाच्या बेचक्यात किंवा बांडगुळाच्या जाळीत, काटक्यांची उथळ बशी, आत पानांचे अस्तर. ते बांधते ती एकटी मादी. अंडी बहुधा दोन. सुमारे तीन आठवडे ती एकटी उबवते, पिलांना एकटीच भरवते. नर तिकडे फिरकतही नाही. तो पुढच्या मादीसाठी कुंज झाडीत असतो. स्टोक्सला त्या काड्यांत मुलाला रमवणारी आई दिसली होती. खरे पाहता ज्याला आपले मूल कधी भेटतच नाही, अशा बापाने त्या काड्या रोवलेल्या असतात.

पण हा सगळ्या कुळाचाच धर्म नव्हे. ह्याच कुळात मांजरासारखा आवाज काढणारे काही हिरवे पक्षी आहेत. त्यांचा नर एकाच मादीशी जोडी करून राहतो आणि पिलांना भरवायला मदत करतो. हे पक्षी कुंज बांधीत नाहीत. जिथे बाप घरट्यावर राबतो तिथे कुंज नाही, आणि जिथे कुंज आहे तिथे घरट्यावर बाप नाही. ह्या एका ओळीत कुळाची सारी गृहव्यवस्था आली. नराला सजावटीला सवड मिळते, ती मादीच्या एकटीच्या कष्टांतून.

ह्या प्रश्नाशी आपलाही एक जवळचा संबंध आहे. १९३० सालच्या पावसाळ्यात सलीम अली कोलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवून बसले. घरटी विणतो तो नर. अर्धवट विणून झाली की माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात, पसंत पडले तर घरट्याचा ताबा घेतात. नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला लागतो. बहिणाबाईंमुळे ही सुगरण मराठी घराघरांत पोचली आहे, आणि आपल्या भाषेने विणण्याचे सारे श्रेय नावातच स्त्रीला देऊन टाकले आहे. तिकडे साहेबांनी निवडण्याचे श्रेय तिच्यापासून काढून घेतले होते. दोन्हीकडे अडचण एकच: बायकांचे काम कोणते आणि पुरुषांचे कोणते, हे माणसाने आधीच ठरवलेले असते आणि मग तो झाडावर पाहतो.

हल्ली कुंजांपुढे निळ्या पिसांबरोबर बाटल्यांची निळी प्लास्टिकची बुचेही दिसतात. नराला त्याचे काही वाटत नाही. निळे ते निळे. त्या बुचांपुढे उभी राहून एक हिरवट, साधी मादी क्षणभर मान तिरपी करते. आवडले तर थांबते, नाही तर मागल्या तोंडाने उडून जाते. तिची उथळ बशी आधीच झाडावर तयार असते.